ऐनापासून एकशे साठ पावलं

काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, नकाशे काढते. त्यावर समोरचा हमखास म्हणायचा, "आता काय, मोबाइलवर सगळं दिसतं की!" माझ्या डोक्यात तिडीक जायची. मोबाइलवर झाडं दिसतात, छपरं दिसतात, रस्ते दिसतात. खाली कुठला दगड आहे, तो कुठून कुठवर जातो, कुठे तडकलाय, पाणी कुठे अडवतो, हे नाही दिसत. ते पायांनी फिरून, हातोड्याने फोडून, वहीत लिहून आणायचं असतं आणि मग कॉम्प्युटरसमोर मान मोडेस्तोवर बसून एकेक रेघ काढायची असते. अकरा वर्षं मी हे काम केलं आणि चांगलं केलं. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. लाज एका नकाशाची वाटते. तीही नीट बघितलं तर नकाशाची नाही.

त्या नकाशात मी एका पाड्याचं पाणी चुकीच्या जागी दाखवलं. एवढंच सांगितलं तर लोक म्हणतात, होतं हो, माणूस आहे, चुकतो. मी त्यांना पुढचं सांगत नाही. आज सांगते.

मी माहीमची, केळव्याच्या अलीकडच्या. आमची वाडी आहे. नारळ, चिकू, पानवेली. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी दगडाकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. खणताना लागला तर शिवी घालून बांधावर फेकायचा, एवढाच दगडाशी संबंध. मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा वडील म्हणाले, "शिकून सवरून दगडच फोडणार म्हण की!" आई म्हणाली, निदान बँकेची परीक्षा तरी दे. मी दिली नाही. हट्टी मी पहिल्यापासून. बोईसरला एका छोट्या सल्लागार कचेरीत नोकरी लागली आणि सालवडला खोली घेतली. आजूबाजूला सगळी कारखान्यांत काम करणारी बिऱ्हाडं, बोलणं हिंदीतून. माझ्या पिशवीतून कायम दगड निघायचे म्हणून शेजारणी मला "पत्थरवाली दीदी" म्हणायच्या. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

कचेरी टायर चढवण्याच्या दुकानावर होती. खालून तापल्या रबराचा वास, खिडकीतून कारखान्यांचा वास. साहेब एकटेच, हाताखाली मी आणि एक टायपिंगवाला. साहेब वाईट नव्हते. हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत साहेब दुष्ट असला की सगळ्यांना बरं वाटतं. आमचे साहेब बडीशेप चघळायचे, माझा डबा आला नाही तर स्वतःचा अर्धा द्यायचे आणि दिवसातून दहा वेळा म्हणायचे, "अगं, सोपं ठेव." त्यांचं सगळं सोपं असायचं.

त्या वर्षी एका खाणवाल्याचं काम आलं. महामार्गाच्या पलीकडे डोंगरात त्याची दगडाची खाण होती, काळ्या पत्थराची. तो फोडून खडी करायची आणि ट्रक भरभरून पाठवायची. त्याला खाण वाढवायची होती. त्यासाठी परवानगी हवी, परवानगीसाठी अहवाल हवा आणि अहवालाला जोडून भोवतालच्या डोंगराचा नकाशा: कुठला खडक कुठे, ओढे कुठे, पाणी कुठे, वस्ती कुठे. त्यावर लाल रेघेने नवी हद्द. नकाशा काढणार मी, खाली सही माझी.

त्या डोंगरात एक गोष्ट होती, ती मला पहिल्याच दिवशी कळली आणि मी हरखून गेले. डोंगराच्या साध्या खडकातून एक उभा, जास्त कठीण, जास्त काळा पट्टा गेला होता. जमिनीत उभी भिंत पुरावी तसा. आम्ही त्याला डाइक म्हणतो. वरून उतरत आलेलं जमिनीतलं पाणी या भिंतीला अडतं, तिच्या मागे तुंबतं आणि एखादी फट सापडली की बाहेर येतं. भिंतीच्या वरच्या अंगाला पाणी, खालच्या अंगाला ठणठणाट. आता खाणवाल्याला हवा होता तो नेमका हाच कठीण दगड. त्याची लाल रेघ त्या भिंतीच्या अंगाअंगाने वर चढत होती.

डोंगराच्या खांद्यावर एक पाडा होता, पंधरावीस घरांचा. थोडी नाचणी, थोडी वरी, पावसाच्या भरवशावर. दिवाळी झाली की घरांना कड्या लावायच्या आणि वीटभट्टीवर जायचं, ते पाऊस तोंडावर आला की परत. मी गेले ते दिवस शिमग्याचे होते, तरी तिथल्या पाचसहा घरांत चूल पेटलेली होती. एका घरापुढे एक बाई मोगऱ्याच्या रोपांना तांब्याने पाणी घालत होती. घालत होती म्हणजे मोजून एकेका बुंध्यात ओतत होती. वयाने माझ्या आईएवढी. मी मावशी म्हटलं, ती मला बाय म्हणाली.

"चार उन्हाळं झालं, भट्टीवर गेली नाय मी," ती आपणहून म्हणाली. तिला त्याचा फार अभिमान होता. तिचा जन्म भट्टीवरचा, लग्नानंतरचं निम्मं आयुष्य भट्टीवर, दोन पोरं तिथे झाली, त्यातलं एक तिथेच गेलं. मग कुणी तरी मोगऱ्याची कलमं दिली. मोगऱ्याला उन्हाळ्यात पाणी लागतं आणि पाड्याला ते होतं. "पाणी हाय म्हणून आमी हाव हितं. पाणी नसंल तर उठायचं, जायचं, विटा थापायच्या." मी वहीत लिहिलं: बारमाही पाणी, वापरात. मग म्हटलं, मावशी, मला ते पाणी दाखवा.

ती हंडा घेऊन निघाली, मी मागून. वाटेत ऐनाचं एक मोठं झाड लागलं. तिथे ती थांबली आणि चपला काढल्या.

"हितं ठेव सगळं."

"सगळं म्हणजे?"

"पिशवी, हातोडा, मोबाइल, ते यंत्र पण. पाण्याकडं जाताना हातात दुसरं काय नाय न्यायचं. हंडा न्यायचा नि हात न्यायचं." ती त्या पाड्याची रीत होती. तिची सासू तशीच जायची, सासूची सासूही तशीच. झाडाच्या बुंध्याशी आधीच दोनतीन जोड चपला होत्या.

यंत्र म्हणजे माझं जीपीएस, हातात मावेल एवढं. जिथे उभं राहून बटण दाबाल त्या जागेची नोंद ते करतं. माझं सगळं काम त्या यंत्रावर. एखादा दुसरा असता तर म्हणाला असता, मावशी, सरकारी काम आहे, न्यावं लागेल. मी तसं म्हटलं नाही, कारण मला ते उद्धटपणाचं वाटलं. आमच्याकडेही वाडीत विहिरीवर चपला घालून जात नाहीत. तेव्हा मी झाडाखाली उभं राहून नोंद घेतली, यंत्रात त्या नोंदीला नाव दिलं "पाणी", आणि ठरवलं की इथून वर पावलं मोजायची, दिशा बघून ठेवायची आणि कचेरीत गेल्यावर ठिपका तेवढा सरकवायचा. यात चूक काहीच नाही. यंत्रं नव्हती तेव्हा आमच्या धंद्यातली माणसं अशीच पावलं मोजत डोंगर नकाशात आणायची. फक्त नाव "पाणी" द्यायला नको होतं. "ऐन" द्यायला हवं होतं.

अनवाणी चढताना एकशे साठ पावलं झाली, सूर्य बघून दिशा धरली, ईशान्येला. काळ्या भिंतीच्या मागच्या अंगाला, फटीतून, मनगटाएवढं पाणी येत होतं. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि ते पाणी इतकं गार की दात शिवशिवले. मी ओंजळ करकरून प्यायले. मावशी हंडा भरून होईपर्यंत माझ्याकडे बघून हसत होती. "पी बाय, पी. संपत नाय ते."

खाली येऊन वहीत सगळं लिहिलं. स्वच्छ अक्षरात, रेघ मारून: पाणी ऐनाशी नाही, ऐनापासून एकशे साठ पावलं, ईशान्येला, चढ, डाइकच्या वर. ते पान माझ्याकडे अजून आहे.

पुढे दहाबारा दिवस दुसऱ्याच डोंगरांवर गेले. परत आले तर साहेबांनी घाई लावलेली. अहवाल छापायला द्यायचा होता. मी यंत्र कॉम्प्युटरला लावलं, एक बटण दाबलं आणि महिनाभराच्या सगळ्या नोंदी पडद्यावर पडल्या. तिथे मजा येते, हे कबूल करते. महिनाभर उन्हात भाजून आणलेलं सगळं एका क्षणात आपापल्या जागी दिसतं. मग खडकांच्या हद्दी ओढल्या, रंग भरले, डाइकला गडद जांभळा, ओढ्यांना निळ्या रेघा. "पाणी" नावाच्या नोंदीला निळा ठिपका दिला. पिशवी पायाशी होती, पिशवीत वही होती. वाकून काढायची एवढंच. मी काढली नाही. मान दुखत होती, पाठ दुखत होती, नकाशा सुंदर दिसत होता आणि साहेब दारात उभं राहून विचारत होते, "झालं का गं?" मी म्हटलं, झालं.

निळा ठिपका लाल रेघेच्या बाहेर पडला होता. अगदी थोडा, पण बाहेर.

साहेब पडद्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "पाणी हद्दीच्या बाहेर आहे ना? वा! छान झालं." खाणवाल्याचा माणूस आला, तोही खूश. तेव्हाच मला कळायला हवं होतं. खाणीशेजारी पाणी सापडलं म्हणून खूश झालेला खाणवाला मी तोवरच्या दहा वर्षांत पाहिला नव्हता.

चूक मला सापडली ती जनसुनावणीच्या चार दिवस आधी. परवानगी द्यायच्या आधी गावच्या लोकांना बोलावतात, अहवाल वाचून दाखवतात, कुणाला काही म्हणायचं असेल तर ऐकून घेतात, ती सुनावणी. तिथे कुणी काही विचारलं तर हाताशी असावं म्हणून मी वही उघडली आणि ते पान आलं. एकशे साठ पावलं. कॉम्प्युटर लावला, ठिपका ईशान्येला सरकवला. तो लाल रेघ ओलांडून आत गेला आणि हद्दीच्या मधोमध, जांभळ्या पट्ट्याला टेकून बसला. मी तो चारचारदा मागे नेला, पुन्हा सरकवला. दरवेळी तिथेच.

मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं. बडीशेपेची डबी उघडली, बंद केली. "अहवाल गेला ना पण."

"दुरुस्ती पाठवू. माझ्या नावाने पाठवू. माझी चूक आहे."

"चूक तुझी, सही तुझी, आणि कचेरी माझी. उद्या हे कळलं की या मुलीने झाड आणि झऱ्यात घोळ केला, तर आजवरचे तुझे सगळे नकाशे काढून बघतील. मग तुला कोण काम देणार? मला तरी कोण देणार?"

"साहेब, ते पाणी हद्दीत आहे. मधोमध."

"सुनावणीत पाणी कुणी काढत नाही गं. धूळ काढतात, सुरुंगाने भिंती तडकतात ते काढतात, आमच्या पोरांना कामाला घ्या म्हणतात. नकाशाकडे कोण बघतं? सोपं ठेव."

मी चिडले. आवाज चढवला. टायपिंगवाल्याने मान खाली घातली. मी म्हटलं, "आणि कुणी विचारलंच तर?"

"विचारलं तर बघू," साहेब म्हणाले.

आणि मी, जी घरात कुणाचं ऐकत नव्हते, बापाचं ऐकलं नाही, ती मी तेवढ्यावर गप्प बसले. मनाशी म्हटलं, विचारलं तर सांगीन. आपणहून नाही, पण कुणी तोंडावर विचारलं तर सरळ सांगून टाकीन. चार दिवस मी या एका वाक्यावर जेवले, झोपले. फार सोयीचं वाक्य होतं. कारण मलाही वाटत होतं की कुणी विचारणार नाही.

सुनावणी कोळगावच्या अलीकडे एका लग्नाच्या हॉलमध्ये होती. खुर्च्यांना लग्नातले पांढरे झगे तसेच घातलेले. मंचावर सरकारी साहेब लोक, बाजूला मोठा पडदा, पडद्यावर माझा नकाशा. खाणवाल्याने पाड्यावरून टेम्पो भरून माणसं आणली होती, नाश्त्याची पाकिटं ठेवली होती. आम्ही अहवालवाले पहिल्या रांगेत. साहेब म्हणाले तसंच चाललं होतं. एक जण धुळीबद्दल बोलला, एक जण तडकलेल्या भिंतींबद्दल, एकाने नोकऱ्या मागितल्या. मंचावरचे अधिकारी लिहून घेत होते. माझा जीव हळूहळू भांड्यात पडत होता.

मग मागून एक बाई उठली. मी आवाजावरूनच ओळखलं.

"साहेब, तो निळा ठिपका आमचं पाणी हाय म्हणून सांगितलं, तर ते पाणी नाय. ते ऐनाचं झाड हाय. तिथं आमी चपला काढतो. पाणी वर हाय, काळ्या भिंतीच्या मागं." नकाशा कधी न पाहिलेल्या बाईने ओढा ओळखला होता, वाट ओळखली होती आणि झाड कुठे येतं हे बोट दाखवून सांगितलं होतं. हॉलमध्ये कुणी तरी हसलं. ती हसणाऱ्याकडे न बघता पुढे म्हणाली, "ती म्होरं बसलीय ना, हिरव्या ओढणीची, ती आलेली माझ्यासंगं. पायात चपला नाय, हातात काय नाय, अशी आलेली. ओंजळीनं पाणी प्यालेली. तिला विचारा. ती सांगंल."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मंचावरच्या मुख्य अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. ते घाईत नव्हते, रागात नव्हते. त्यांनी नीट विचारलं, "मॅडम, तुम्ही तिथे स्वतः गेला होतात?"

मी उठले. "हो."

"मग पाण्याची जागा नकाशात दाखवली आहे तीच आहे का?"

बाजूला साहेबांचा गुडघा हलत होता. मला सालवडची खोली आठवली नाही, नोकरी आठवली नाही, असलं काही नाही. मला फक्त एवढं वाटलं, की इतक्या लोकांसमोर, पडद्यावर माझं नाव असताना, मी म्हणायचं की मला पाणी आणि झाड कळलं नाही? दहा वर्षं काम केलेल्या बाईला? भीतीपेक्षा तोराच होता तो. आज इतक्या वर्षांनी त्याला दुसरं नाव देता येत नाही.

मी म्हणाले, "जीपीएसच्या नोंदीनुसार पाण्याचा बिंदू नकाशात दाखवला आहे तिथेच आहे."

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी ते नंतर शंभरदा उलटंसुलटं करून पाहिलं आहे. नोंदीनुसार तो तिथेच होता. असं वाक्य आयत्या वेळी सुचायला शिक्षण लागतं.

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. ते मावशीला म्हणाले, "बाई, यंत्राने मोजलेलं आहे, तुमचं म्हणणंही लिहून घेतलंय." मावशी उभीच होती. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ओरडेल, आता म्हणेल ही खोटं बोलते. ती हळूच खाली बसली आणि शेजारणीला काही तरी विचारू लागली.

पुढचं आधी सांगून टाकते. परवानगी मिळाली. महिन्याभराने मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं, साहेबांना न विचारता. वहीच्या पानाची प्रत जोडली, टपालाने पाठवलं. पत्र पोचल्याची पावती आली. पुढे काही झालं नाही आणि मी पाठपुरावाही केला नाही. पत्र लिहिलं ना, असं स्वतःला सांगायला ते पुरलं. साहेबांनी मला काढलं नाही, मीच वर्षभराने सोडलं. हद्दीत आधी सुरुंग लागले. पहिल्या उन्हाळ्यात पाणी बारीक झालं, दुसऱ्या उन्हाळ्यात भिंतच गेली, तेव्हा पाणी कुठून राहणार. आता तिथे खोल खड्डा आहे, पावसाळ्यात गढूळ भरतो आणि थंडीत आटतो. मी एकदाच गेले होते. मावशीच्या दाराला कडी होती. मोगऱ्याच्या काटक्या उभ्या होत्या. शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितलं, दिवाळीपासून भट्टीवर गेलीय, सगळ्यांसंगंच. मी कोण हे त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

आता मी सालवडलाच शिकवण्या घेते. भूगोलही शिकवते. नकाशाच्या सूचीत निळा ठिपका म्हणजे काय, असं पोरांना विचारते आणि पोरं एका सुरात उत्तर देतात. पत्थरवाली दीदी आता कुणी म्हणत नाही, सगळे टीचर म्हणतात.

पण मला जे सांगायचं होतं ते हे नाही. पाणी गेलं ते खाणीने गेलं असं निदान म्हणता येतं, साहेबांवर खापर फोडता येतं, पावतीवर बोट ठेवता येतं. त्या दिवशी सुनावणी संपल्यावर हॉलच्या आवारात जे झालं त्याचं खापर फोडायला मला जागा नाही.

लोक बाहेर पडत होते. मी गर्दीतून आडवाटेने माझ्या स्कूटरकडे निघाले होते, मान खाली घालून, चोरासारखी. मागून हाक आली, "बाय! ए बाय, थांब की."

मावशी धापा टाकत आली. हातात नाश्त्याचं पाकीट होतं. मी मनात म्हटलं, घाल शिव्या. माझी तयारी होती. खरं तर मला त्या हव्याच होत्या. शिव्या मिळाल्या की फिटतं, असं काहीसं.

तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "घे, तू आत काय खाल्लं नाय. मी बघत व्हती." मग जवळ येऊन, कुणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाली, "तुला एक विचारायचं व्हतं. तू शिकलेली हायस, तुला दगडाच्या आतलं दिसतं. तू साहेबाला बोललीस, पाणी ऐनापाशी हाय. मी आधी चिडली. मग म्हटलं, ही पोर आपल्या रीतीनं आलेली, आपलं पाणी प्यालेली, ही खोटं कशाला बोलंल? म्हंजे ऐनाखाली पण असंल. खोल असंल. आमालाच ठाव नसंल."

मी पाकीट स्कूटरच्या सीटवर ठेवलं.

"तर म्हटलं विचारून घ्यावं," ती म्हणाली. "वरचं त्यांनी फोडलं, तर आमी ऐनाखाली खणू. पोरं हायत, चार दिस लागतील, आठ दिस लागतील, खणतील. मोगरा जगला पायजे, एवढंच. लागंल ना तिथं पाणी?"

ती वाट बघत होती. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. तिथे पाणी लागणार नाही हे त्या आवारात माझ्याइतकं पक्कं कुणालाच माहीत नव्हतं. भिंतीच्या खालच्या अंगाला कोरडा खडक असतो, पुरुषभर खणा नाहीतर दहा पुरुष खणा. निदान पोरांचे हात तरी फुटू नयेत, म्हणून मी म्हणाले, "नाही मावशी. तिथे काही नाही. खणू नका."

"नाय?"

"नाही. पाणी वरच आहे. भिंतीच्या मागे. तुम्ही आत बोललात तेच बरोबर."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता. तिला ते जुळवता येत नव्हतं.

"हे तुला आत्ता समजलं?" तिने विचारलं. "का आत त्या साहेबानं विचारलं तवा पण ठाव व्हतं?"

मी म्हणाले, "तेव्हाही ठाऊक होतं."